कंबोडिया: आईला अंगकोर दाखवायचं आहे, किती दिवस ठेवू?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत कंबोडियाला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ६८. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर व्यवस्थित चालते, पण उंच पायऱ्या उतरताना हात धरावा लागतो. खरं तर ही सहल तिच्यासाठीच आहे. तिने पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अंगकोर वाटचं एक काळंपांढरं चित्र तिने मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, दरवर्षी ते वर्गात फिरवायची. तो पुठ्ठा अजून कपाटात आहे.

एका ट्रॅव्हल कंपनीने व्हिएतनाम-कंबोडिया असं ८ दिवसांचं पॅकेज सुचवलंय. त्यात सिएम रीपला (अंगकोरच्या जवळचं शहर) दोन रात्री, म्हणजे देवळांसाठी हातात एकच पूर्ण दिवस. एवढ्यात भागतं का? की व्हिएतनाम सोडून द्यावं? आमच्याकडे प्रवास धरून ९-१० दिवस आहेत. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही.

जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या

केतकीताई, व्हिएतनाम सोडा. तो देश चांगला नाही म्हणून नव्हे. त्याला त्याचे स्वतंत्र दहा दिवस द्यायला हवेत म्हणून.

मी अंगकोरला दोनदा गेलोय. पहिल्यांदा पॅकेजने, एक दिवस. पहाटे पाचला तळ्याकाठी उभं केलं, सूर्योदय झाला, आठला नाश्त्याला हॉटेलवर परत, मग ता प्रोम, मग बायोन ही देवळं, तीनला दुकानात. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय पाहिलंस रे?" मला धड एक गोष्ट सांगता येईना. त्याची चुटपुट राहिली म्हणून सात वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी सहा दिवस फक्त सिएम रीपमध्ये राहिलो.

अंगकोर वाट १२व्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधलं. पुढे ते बौद्धांचं झालं, आजही तिथे भिक्खू असतात. देवळाच्या खालच्या टप्प्यावर चारी बाजूंनी लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर शिल्पपट कोरलेत. सगळं सार तिथे आहे. लोक शिखराकडे बघत तिच्यासमोरून पंधरा मिनिटांत निघून जातात. आपल्या माणसाने तिथे निदान तीन तास द्यावेत, कारण त्या भिंतीवरच्या गोष्टी आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. गाइड नसला तरी चालतं.

देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. पश्चिमेने आत शिरलात की उजवीकडे वळा आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून चालत राहा, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. शिल्पपटांचा क्रम तसाच आहे. आधी कुरुक्षेत्र: एका बाजूने कौरव, दुसऱ्या बाजूने पांडव, आणि मध्ये दोन्ही सैन्यं एकमेकांत घुसलेली. भीष्म शरपंजरी पडलेले दिसतात. अर्जुनाचा सारथी चार हातांचा आहे, म्हणून लगेच ओळखू येतो. कोपरा वळलात की खुद्द सूर्यवर्मन राजाची मिरवणूक. त्यापुढे यमाचा दरबार. यम रेड्यावर, खाली चित्रगुप्त, आणि त्याच्या पायाशी एक झडप उघडून पापी माणसं खालच्या नरकात ढकलली जातायत. कुठला नरक कुठला, ते लहान अक्षरांत कोरलंय.

मग पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन. सलग जवळपास ५० मीटर. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. तिथे खालच्या पाण्याकडे नीट बघा. कडेचे मासे, मगरी अखंड आहेत. रवीच्या जसजसं जवळ जावं तसतसे ते दुभंगलेले, तुकडे झालेले दिसतात. घुसळणीचा जोर त्या शिल्पकाराने माशांमधून दाखवलाय. मी तिथे पाऊण तास बसून होतो.

आईंच्या गुडघ्याबद्दल: ओवरीपर्यंत पायऱ्या थोड्या आहेत, जमेल. सगळ्यात वरच्या टप्प्याला 'बाकान' म्हणतात. तिथला जिना फार उभा आहे, तो त्यांनी टाळावा. तुमच्या लेकीलाही वर सोडणार नाहीत, १२ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही. त्यामुळे आजी-नात दोघी खाली एकत्र थांबतील, हे उलट बरंच.

अबोली

वाचतेय. वाचनखूण साठवली.

सिंगापुरी_पाहुणा

वाटाड्यांना अनुमोदन. मी कामानिमित्त सिएम रीपला बऱ्याचदा जातो, म्हणून व्यवहाराचं सांगतो.

तिकीट: अंगकोर पास १ दिवसाचा ३७ डॉलर, ३ दिवसांचा ६२, ७ दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, १० दिवसांत कुठलेही तीन दिवस. सात दिवसांचा महिनाभर चालतो. तुमच्यासारख्यांनी सातचा घ्यावा. फरक दहा डॉलरचा आहे आणि अर्ध्या दिवसाने परत फिरताना पैसे फुकट गेल्याचं दुःख होत नाही. १२ वर्षांखाली मोफत, पण मुलीचा पासपोर्ट जवळ ठेवा. पासवर फोटो असतो, जागोजागी तपासतात. संध्याकाळी पाचनंतर उद्याचा पास घेतला तर त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात.

व्हिसा: विमानतळावर पोचल्यावर मिळतो, पर्यटकांचा ३० डॉलर. आधी ऑनलाइनही काढता येतो, पण सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तसंच दिसणाऱ्या दुसऱ्या एका साइटवर माझ्या मेहुण्याने जवळजवळ दुप्पट पैसे भरले होते. शिवाय विमानाने येणाऱ्यांना निघण्याआधीच्या आठवडाभरात ई-अरायव्हलचा फॉर्म भरावा लागतो. तो मोफत आहे.

मुंबईहून थेट विमान नाही. बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा व्हिएतनाममार्गे जावं लागतं. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, रात्री उशिरा पोचणार असाल तर हॉटेलला गाडी सांगून ठेवा.

आणि महत्त्वाचं: बँकॉकहून बसने जायचा जुना सल्ला अजूनही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. तो आता विसरा. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात लढाई झाली, जमिनीवरची ठाणी बंद झाली. विमानानेच या. सीमेवरचं प्रेआह विहेअर देऊळ अप्रतिम आहे, पण या खेपेला यादीतून काढा. बुकिंगच्या आधी आपल्या दूतावासाच्या सूचना एकदा वाचा.

पैसे: डॉलर सर्रास चालतो. एक डॉलर म्हणजे साधारण ४,००० रिएल. सुट्टे परत देताना रिएल देतात. डॉलरची नोट जरा जरी फाटलेली असली तरी घेत नाहीत. मुंबईत नोटा घेताना एकेक तपासून घ्या आणि एक-पाचच्या भरपूर घ्या.

अबोली

आता बोलते. :) मी आणि सासूबाई गेलो होतो, दोघी शाकाहारी.

केतकी, जेवणाची चिंता करू नकोस, पण गाफीलही राहू नकोस. तिथे 'मांस नको' म्हटलं तर मांस नक्की वगळतात, पण फिश सॉस हा त्यांच्या लेखी आपल्या मिठासारखा. साध्या परतलेल्या भाजीतसुद्धा तो किंवा ऑयस्टर सॉस असतो. आम्ही पहिल्याच दिवशी हॉटेलातल्या मुलीकडून ख्मेर लिपीत चिठ्ठी लिहून घेतली: मांस, मासे, कोळंबी, अंडं, फिश सॉस, ऑयस्टर सॉस यांतलं काही नको. जिथे गेलो तिथे ती चिठ्ठी दाखवली. बायका वाचून, मान डोलावून आत जायच्या आणि टोफू, मशरूम, भाज्या घालून ताजं करून आणायच्या. नारळाच्या दुधातला 'आमोक' मूळचा माशाचा, पण टोफूचाही करून देतात. सासूबाईंना तो इतका आवडला की तीनदा मागवला.

सकाळी हातगाड्यांवर 'बॉबॉर' मिळतं. दिसायला हुबेहूब आपला गुरगुट्या भात. पण बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नको. आम्ही मेतकूट, दाण्याची चटणी आणि लोणचं नेलं होतं. पांढरा भात कुठेही मिळतो, त्यामुळे रात्रीची सोय होते. सिएम रीपमध्ये भारतीय हॉटेलंही आहेत.

जुन्या बाजारात 'प्राहोक'चा, म्हणजे आंबवलेल्या माशाचा, वास उग्र असतो. आईंना त्रास होणार असेल तर मासळीच्या गल्लीत नको नेऊस. तिथून फक्त ताडगूळ आणि काम्पोतची मिरी घे. आपल्या काळ्या मिऱ्यांची सवय असलेल्यांनासुद्धा ती वेगळी लागते.

इतिहासवेडी

केतकी, तुझ्या आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून खास लिहितेय. बांतेआय स्रेई चुकवू नका. सिएम रीपपासून ३०-३५ किलोमीटर, टुकटुकऐवजी गाडी करा. हे देऊळ राजाने बांधलेलं नाही, यज्ञवराह नावाच्या दरबारातल्या विद्वानाने बांधलं आणि ९६७ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. लहानसं, गुलाबी वालुकाश्माचं आणि जवळजवळ सगळं सपाटीवर. गुडघ्यांना अजिबात त्रास नाही.

तिथल्या एका गणेशपट्टीच्या जागी रावण कैलास हलवतोय. (दारावरच्या त्या त्रिकोणी भागाला नेमका मराठी शब्द कुणाला माहीत असेल तर सांगा.) वेरूळला सोळाव्या लेण्यात हेच दृश्य आपण पाहिलेलं असतं, घारापुरीलाही आहे. वेरूळचं साधारण दोनशे वर्षं आधीचं. वेरूळला रावण खाली अंधारात आहे, सगळं बळ त्याच्या खांद्यांत दिसतं. इथे मात्र कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे. एका पायरीवर ऋषी, एकीवर पशुमुखी गण, खाली हत्ती-सिंह घाबरून पळतायत आणि वर पार्वती शंकराला बिलगलीय. आईंना आधी वेरूळचा फोटो फोनवर दाखवा आणि मग समोर बघू द्या. सकाळी लवकर जा, उन्हं तिरपी असताना दगड गुलाबी दिसतो.

दुसरं म्हणजे राजधानी नोम पेन्हचं राष्ट्रीय संग्रहालय. १९२० साली सुरू झालेली लाल इमारत. गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, आठ हातांचा विष्णू आहे, एकमेकांना भिडलेले वाली-सुग्रीव आहेत. आणि ज्याच्यासाठी मी गेले होते तो शिलालेख: शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३. त्यातलं शून्य एका टिंबाने दाखवलंय. शून्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या कोरीव नोंदींपैकी ही एक. तिकडचे जुने लेख शकातच कालगणना करतात. आपल्या पंचांगावर आजही छापला जातो तोच शक, इतक्या दूर दगडावर कोरलेला बघून मला भरून आलं होतं.

महिन्यांची नावंही ऐका: चेत, पिसाक, फोत्रोबोत, कादेउक. चैत्र, वैशाख, भाद्रपद, कार्तिक! भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आपल्या पितृपंधरवड्यातच, त्यांचा 'प्चुम बेन' असतो. पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात. 'बेन' म्हणजे पिंडच.

वाटाड्या

इतिहासवेडी, फार छान. त्यात एक भर. कार्तिकी पौर्णिमेला, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, त्यांचा पाण्याचा सण असतो. पावसाळ्यात मेकाँगला एवढं पाणी येतं की तोन्ले साप नदी उलटी वाहायला लागते आणि वरचं सरोवर चार-पाच पट फुगतं. पावसाळा सरला की नदी पुन्हा फिरते. तो आनंद नावांच्या शर्यतींनी साजरा होतो. शर्यती बघायला नोम पेन्हला अफाट गर्दी लोटते. आईंना घेऊन त्या तीन दिवसांत राजधानीत नको. नोम पेन्ह आधी उरका.

सरोवरावरची खांबांवरची गावं बघायची असतील तर काम्पोंग फ्लुक किंवा त्याहून लांबचं काम्पोंग ख्लेआंग निवडा. आणि अनाथाश्रमातल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं विकत घ्या म्हणून कुणी होडीतून दुकानावर नेलं तर ठाम नाही म्हणा. मी पहिल्या खेपेला चाळीस डॉलर दिले होते. पोतं दुकानातच राहिलं. अनाथाश्रम हे पर्यटनाचं ठिकाण होऊच नये. मुलांना भेटायला माणसं येतात म्हणून मुलं आश्रमात ठेवली जातात, हा तिथला खरा प्रश्न आहे. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत असतात.

जुनाजाणता

सगळे देवळांवर लिहितायत. तुओल स्लेंगचं काय? १९७५ ते ७९ मध्ये ख्मेर रूजच्या राजवटीत त्या देशाची पंधरा ते वीस लाख माणसं गेली. नोम पेन्हमधल्या एका शाळेचा तुरुंग केला होता, तेच आजचं संग्रहालय. ते न बघता कंबोडिया पाहिला असं म्हणू नये. लेकीलाही न्या. मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही.

वाटाड्या

काका, बघायलाच हवं याबद्दल दुमत नाही. पण दहा वर्षांच्या मुलीला नको. खोल्याखोल्यांतून मारल्या गेलेल्यांचे फोटो रांगेने लावलेत, त्यांत तिच्या वयाची मुलं आहेत. लोखंडी खाटा तशाच आहेत. मी बाहेर येऊन फ्रांजिपानीच्या झाडाखाली बाकावर बसलो ते तासभर उठलो नाही.

जुनाजाणता

मान्य. फोटोंचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मोठ्यांनी आळीपाळीने जावं.

अबोली

मुलीसाठी सिएम रीपमध्ये दोन चांगल्या गोष्टी आहेत. एक 'फारे' सर्कस. प्राणी नाहीत, सगळी तरुण मुलं, बात्तामबांगच्या कलाशाळेत शिकलेली. दुसरं, भूसुरुंग हुंगून काढणाऱ्या उंदरांचं केंद्र. मागावा नावाच्या उंदराला त्याच्या कामाबद्दल २०२० मध्ये सुवर्णपदक मिळालं होतं. माझ्या भाच्याने तिथून परत आल्यावर शाळेत त्यावर भाषण केलं. लहान मुलाला युद्ध समजावून सांगायला हा रस्ता चांगला आहे.

केतकी_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पॅकेज रद्द केलं. आता असं ठरतंय: नोम पेन्ह दोन रात्री, मग गाडीने सिएम रीप (सव्वातीनशे किलोमीटर, पाच-सहा तास म्हणतायत), तिथे सहा रात्री, सात दिवसांचा पास. एक दिवस सकाळी बाहेर, दुपारी हॉटेल, असं. आईला पहाटे पाचच्या सूर्योदयाला न्यायचं का?

सिंगापुरी_पाहुणा

एकदा न्या, पण तळ्याकाठी गर्दीत उभं करू नका. अंगकोर वाट पाचला उघडतं. बाहेरच्या ग्रंथालयाच्या ओट्यावर बसवा. उजाडल्यावर बहुतेक लोक नाश्त्याला पळतात, तेव्हा ओवऱ्या रिकाम्या मिळतात. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घालावेत. साडी उत्तमच. आणि आत शिरताना पश्चिमेच्या गोपुरात उजव्या हाताला थांबा. तिथे आठ हातांचा उंच विष्णू आहे, भगवं वस्त्र नेसवलेला. स्थानिक लोक त्याला 'ता रीच' म्हणतात आणि आजही उदबत्ती लावतात.

केतकी_ठाणे

परत आलो. कालच.

जे जमलं नाही ते आधी. नोम पेन्हला दोन रात्री कमी पडल्या. संग्रहालयात आईने दीड दिवस घेतला. शून्याच्या शिलालेखापुढे तिने वहीत ते टिंब काढून घेतलं. तुओल स्लेंगला नवरा एकटाच जाऊन आला, मी नाही जाऊ शकले. ता प्रोमला सकाळी दहाला पोचलो, झाडांच्या मुळांपाशी फोटोसाठी रांग होती. तिथे साडेसातला पोचायला हवं, वेळापत्रकात तेवढं बदला. पण लाकडी मार्गिका आहेत, आईला चालायला सोपं गेलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे काम केल्याचा फलक वाचून ती खूश झाली.

गाडीवाल्या दादांना भाड्याची आणि वेळेची फार काळजी. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की आई शिक्षिका होती. तेव्हापासून ते तिला 'नेआक क्रू' म्हणायला लागले. म्हणजे गुरू, बाईंसाठीचा शब्द. शाळेला तिकडे 'साला' म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग आईने त्यांना मराठी शब्द आणि त्यांनी तिला ख्मेर, असं बांतेआय स्रेईपर्यंत चाललं होतं: मुख, मनुष्य, भाषा, देवता. पंधरा-सोळा शब्द जुळले. तिने यादी केलीय, स्कॅन करून इथे टाकते.

समुद्रमंथनापाशी वाटाड्यांनी सांगितल्याप्रमाणे मासे बघितले. लेकीने आधी शोधले. आई तिला वासुकीच्या तोंडाशी असुर का आणि शेपटीशी देव का, ते सांगत होती, तेवढ्यात बंगळूरचं एक कुटुंब मागे येऊन थांबलं, मग श्रीलंकेच्या दोघी. आईने इंग्रजीत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं उभी होती, गुडघ्याचं नावही काढलं नाही. रात्री मात्र सुजला. शेक दिला आणि दुसरा दिवस पूर्ण विश्रांती. सात दिवसांचा पास होता म्हणून ते परवडलं.

तो पुठ्ठ्यावरचा फोटो ती बरोबर घेऊन गेली होती, मला माहीत नव्हतं. जिथून काढला असेल ती जागा शोधून काढली, पश्चिमेच्या फरसबंद वाटेवर, डावीकडच्या तळ्याच्या जरा अलीकडे. चित्रात शिखरं तीनच दिसतात, तिथे उभं राहूनही तीनच दिसतात. दहा पावलं डावीकडे सरकलं की पाच.

वाटाड्या

शब्दांची यादी नक्की टाका. आणि आईंना विचारा, लंकेच्या युद्धाचा पट पाहिला का? पश्चिमेच्याच ओवरीत, पण डावीकडच्या अंगाला.

केतकी_ठाणे

राहिला! गुडघ्याच्या दिवसात गेला तो. पास अजून तीनेक आठवडे चालू आहे म्हणून ती सकाळपासून हसतेय. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तिकिटं कशी असतात, सिंगापुरी_पाहुणा?